दातेरी पानांच्या लव्हेंडरचा वारस

मी, हौसाबाई यादवराव राजपुरे, वय अंदाजे सत्याहत्तर, मूळ राहणार दांडेघर, पाचगणीजवळ, जिल्हा सातारा, सध्या मुक्काम आंग मो किओ, सिंगापूर, मुलाच्या घरी, दहावा मजला, आज पूर्ण शुद्धीत, कुणाचाही दाब किंवा भीड नसताना, दुपारचा चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. वय अंदाजे अशासाठी की ज्या साली गारांनी सगळा हरभरा झोडपला त्या साली मी झाले, आणि ते साल कुणी लिहून ठेवलं नाही.

मला अक्षर येत नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे. गॅसवर दूध ठेवून विसरणारी माणसं या घरात तीन आहेत, त्यांत मी नाही.

लिहिणारा धम्मानंद वाघचौरे आमच्याच मजल्यावर चार दारं सोडून राहतो. झाडांच्या पेशींवर त्याचं काही संशोधन चालतं. त्याला बजावलं आहे की मी सांगेन तेच लिहायचं, सुधारून लिहायचं नाही, आणि शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. तो म्हणाला, "आजी, मृत्युपत्रात चहाचं लिहीत नाहीत." मी म्हटलं, "मरणार कोण, तू का मी?" म्हणून चहा राहिला.

पुढच्या महिन्यात आम्ही पुंगोलच्या नव्या घरी जाणार आहोत. तिथून मला रोज इथे खाली उतरता येणार नाही. हे आजच लिहायचं कारण तेवढंच. खाली काय आहे ते पुढे येईल.

एक. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम माझा मुलगा सुबोध याने करावं. मी गेल्यावर त्यानेच ते मोठ्याने वाचावं. माझी सून मेधा आणि नात गार्गी समोर बसलेल्या असाव्यात, फोन दुसऱ्या खोलीत. मध्येच आवाज बसला तर पाणी प्यावं आणि पुढे वाचावं. एकही ओळ गाळू नये. धम्मानंदकडे दुसरी प्रत आहे.

दोन. दांडेघरच्या दोन खोल्या, वरचे पत्रे, मागचं परडं आणि नळाची जोडणी हे सगळं माझी पुतणी सविता हिला. मी गेली नऊ वर्षं इकडे आहे, आणि दर पावसाळ्याआधी पत्र्यांवर दगड ठेवायला तीच चढते. सुबोधने हरकत घेऊ नये. त्याला पत्र्यावर चढता येत नाही.

तीन. मोत्याच्या कुड्या मेधाला. ती म्हणते, "आई, ऑफिसात असलं चालत नाही." अगं, रॅफल्स प्लेसला कुणाला कुणाच्या कानाकडे बघायला वेळ आहे? घाल. सोन्याच्या दोन पाटल्या गार्गीला, पण मोडून काही करायचं नाही. माझी नऊवारी लुगडी सविताला, एक सोडून. ते एक कशाला लागणार आहे ते बाराव्या बाबीत.

चार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे. म्हणून धम्मानंद आणि त्याची बायको अंजली यांना काही नाही. जे द्यायचं ते मी जिवंतपणी थालीपिठाच्या रूपाने देत आले आहे, आणि आजही तव्यावर आहे.

पाच. आता झाडाचं. हे नीट लिही, धम्मानंदा.

माझे यजमान यादवराव पाचगणीच्या एका बंगल्यात माळी होते. तिथल्या बाईंनी कुठून तरी लव्हेंडर आणलं होतं. त्या एका रोपापासून यजमानांनी काड्या लावून लावून फाटकापासून पायरीपर्यंत कुंपण केलं. कंगव्याला असतात तसे पानांच्या कडेला दाते. पुढे बंगला विकला गेला, नव्या मालकाने कुंपण उपटून फरशी घातली. त्या दिवशी यजमान एक काडी खिशात घालून घरी आले. जेवले नाहीत. आधी काडी लावली.

ते गेले दोन हजार आठ साली. पुढच्या वर्षी सुबोधने मला इकडे आणलं. निघायच्या सकाळी परड्यातल्या झाडाची चार बोटं लांब काडी मी टाचेसकट, म्हणजे बुडाच्या जुन्या सालीसकट, ओढून घेतली, बुडाला ओलं फडकं गुंडाळलं आणि अंबाड्यात खोवली. विमानतळावरच्या माणसाने माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी उघडून हुंगली. अंबाडा नाही हुंगला. धम्मानंद म्हणतो, हा गुन्हा आहे. लिही म्हटलं. मी गेल्यावर येऊ देत मला न्यायला.

या हवेत लव्हेंडर जगत नाही असं सगळे म्हणाले. जगतं, पण लाड केलेले खपत नाहीत त्याला. मी मातीच्या कुंडीत निम्मी जाडसर वाळू घातली, विटेचे तुकडे घातले, खालच्या कॉफीशॉपमधल्या अंड्यांची टरफलं कुटून घातली. कॉरिडॉरच्या कठड्याशी अशी जागा धरली की सकाळचं ऊन आणि वारा लागेल, पाऊस लागणार नाही. पाच वर्षं ते झाड तिथे होतं. फूल एकही आलं नाही. थंडीच नाही तर फुलणार कसं? मला फूल नको होतं. मी पान चुरडायची, बोटं नाकाशी न्यायची, आणि यजमान परड्यातून आत यायचे.

इथे एक गोष्ट समजून घ्या. बी म्हणजे लेकरू. ते बापासारखं निघेल, न निघेल. काडी म्हणजे लेकरू नव्हे. काडी म्हणजे तेच झाड, दुसऱ्या जागी उभं. माझ्या कुंडीत होतं ते यजमानांनी हाताने लावलेलंच झाड होतं. धम्मानंद म्हणाला, "आजी, तुमचं म्हणणं शास्त्राला धरून आहे." मी म्हटलं, "शास्त्र माझ्या म्हणण्याला धरून असेल."

सुबोध बियाचा आहे.

सहा. दोन हजार चौदाच्या जानेवारीत मी मोतीबिंदूसाठी सहा आठवडे पुण्याला गेले. जाण्याआधी गार्गीला कुंडीपाशी बसवलं. ती तेव्हा नऊ वर्षांची. मी सांगितलं, "पाणी वारावर घालायचं नाही. कुंडी उचलून बघायची. रिकाम्या पातेल्यासारखी हलकी लागली तर एक वाटी. जड लागली तर हात मागे." आठ दिवस तिच्याकडून उचलून घेतली. तिला अचूक कळायला लागलं. "हेवी लाह, आजी," म्हणायची, इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून, आणि वाटी परत ठेवायची. या घरात माझी विद्या कुणी घेतली असेल तर तिने. म्हणून मी निर्धास्त गेले.

सात. मी नसताना मेधाची आई, आमच्या विहीणबाई सुलेखाताई, राहायला आल्या होत्या. बाई सज्जन. दारात कुंडी, कुंडीत झाड, झाड घरच्या म्हातारीचं. त्यांनी काय करावं? रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी, हळदकुंकू, संध्याकाळी उदबत्ती. तुळशीचं जे करतात ते सगळं केलं, मनापासून केलं. लव्हेंडर त्या पुण्याईत बुडून मेलं. मुळं कुजली असणार, बुंधा काळा पडला असणार.

विहीणबाईंवर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम जिचं होतं तिने तोंड उघडलं नाही, आणि थोरांना फुरसत नव्हती.

आठ. मी परत आले तर कुंडी जागेवर होती आणि झाड असं फुललेलं की जांभळी कणसं वाऱ्यावर डोलत होती. सुबोध म्हणाला, "बघ आई, तुझी वाट बघत होतं." मेधा म्हणाली, "आई, तुमच्या हाताला यशच आहे." दोघं कौतुकाने माझ्याकडे बघत होते.

मी पान चिमटीत धरलं. कड गुळगुळीत. मला दात नाहीत, पण माझ्या झाडाला होते. ते माझ्या माघारी सहा आठवड्यांत पडले होते म्हणायचे. कुंडीचा काठ घासून धुतला होता, पण मातीची कुंडी हळद पिते, ती काही सोडत नाही. मातीत बोट घातलं तर वाळू नाही, नर्सरीचा मऊ काळा चुरा. आणि काठाशी, अर्धी आत गेलेली, प्लास्टिकची एक चिठ्ठी.

मी गार्गीला जवळ घेतलं. "गार्गे, हे आपलंच झाड ना?"

ती तिच्या बुटांकडे बघत म्हणाली, "हो आजी. सेम सेम लाह."

त्याच दुपारी मी आत लवंडले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, डोळे मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाला ऐकू येत नाही असं का वाटतं कोण जाणे. बाहेर मेधा विचारत होती, "सुबोध, कुंडीतलं लेबल काढलंस का?"

सुबोध म्हणाला, "राहू दे गं. आईला कुठे वाचता येतंय."

हे वाक्य सुबोधने वाचताना जसं तेव्हा म्हटलं होतं तसंच म्हणावं. हसत.

यजमानांचा पगार किती ते सगळ्यांना माहीत होतं. सुबोध, तुझी पहिली पाटी आली तेव्हा मी बंगल्यावर पालापाचोळा गोळा करायला जायला लागले होते. तू गिरवायचास आणि मी शेजारी बसून बघायची. तू म्हणायचास, "आई, हा बघ 'क'." मी म्हणायची, "छान आहे." मला तो छानच वाटायचा. माझ्या न येण्याचा तुला कधी उपयोग होईल, हे मला सुचलं नव्हतं.

नऊ. ते विकतचं झाड तीन आठवड्यांत गळलं. थंडीतून आणून, फुलवून विकलेलं होतं ते, इथल्या दमटपणात किती टिकणार? मी कितीही जपलं तरी ते जगणारं नव्हतं. आणि तरी मी जपलं. परक्याचं असलं तरी झाड होतं.

ते वाळल्यावर मेधा म्हणाली, "आई, तुम्ही सारखं हात लावता ना त्याला." सुबोध म्हणाला, "जाऊ दे आई, वय झालं होतं झाडाचं. मनाला लावून घेऊ नकोस."

म्हणजे तुम्ही मारलेलं झाड माझ्या हातून मेलं असं ठरलं, आणि वर माझं सांत्वनही झालं. मी त्या दिवशी रडले. तुम्ही समजलात झाडासाठी. गार्गी दाराआड उभी होती. तेव्हा तरी बोलेल असं वाटलं होतं.

ती लहान होती, तिच्यावर राग धरू नका, असं कुणीही म्हणेल. तुम्हा दोघांवर मी रागावले, पण धक्का नाही बसला. तुम्ही मोठे झालात, नोकरीचे झालात, वेळ वाचवायला शिकलात. ती मात्र माझ्याजवळ बसून कुंडी तोलायला शिकली होती. म्हणून सगळ्यांत जास्त लागलं ते तिचं. चार वर्षं झाली, अजून लागतं. हे लिही, धम्मानंदा. खोडू नकोस.

मी तेव्हाच का बोलले नाही? बोलले असते तर तुम्ही सॉरी म्हणाला असता, संध्याकाळी केक आणला असता, आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते इतक्या स्वस्तात मिटवायचं नव्हतं. तरी दर वर्षी यजमानांच्या तिथीला मी सहज विचारत आले, "काय रे, ते झाड कसं गेलं असेल?" दर वर्षी तिघांनाही त्याच वेळी फोनवर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

ती प्लास्टिकची चिठ्ठी माझ्या पानाच्या डब्यात आहे. सुबोधला.

दहा. माझ्या फोटोला प्लास्टिकचा हार घालू नये. फोटो कुठलाही लावा, पण इथे राहायच्या पासवरचा नको. त्यात मी चोरी केल्यासारखी दिसते. एका अर्थी केली होतीच.

अकरा. आता खालचं.

तळमजल्यावर अंकल गोह राहतो. वयाने माझ्याएवढाच, बायको गेलेली. कॉफीशॉपमध्ये रोज सकाळी अर्धी कच्ची अंडी खातो आणि आपली, शेजारच्या टेबलावरची, सगळी टरफलं माझ्यासाठी पिशवीत भरून ठेवतो. आम्हा दोघांत मिळून चार शब्द आहेत. कॅन, नो कॅन, वॉटर, नो वॉटर. नऊ वर्षांत एकदाही गैरसमज झाला नाही. घरात आम्ही सगळे मराठी बोलतो.

पुण्याला जाण्याआधी मी कुंडी बदलली तेव्हा तीन शेंडे खुडून काड्या केल्या होत्या. दोन इथेच सुकल्या. तिसरी गोहला दिली होती, टरफलांची परतफेड म्हणून. "नो वॉटर," म्हटलं. तो म्हणाला, "कॅन." मला आशा नव्हती, मी विसरूनही गेले होते.

विकतचं झाड मेल्यावर महिन्याभराने मी टरफलं आणायला गेले तर त्याने खूण करून बोलावलं. त्याच्या दारापाशी बाक आहे. त्याच्यावर दुधाच्या डब्यात वीतभर झाड. मी वाकले. पानाच्या कडेवरून बोट फिरवलं.

दाते होते.

मी त्याच्या बाकावर बसले. त्याने आतून गरम पाणी आणून दिलं. गेली चार वर्षं रोज संध्याकाळी मी "पाय मोकळे करायला" जाते ती तिथे जाते. तुम्ही म्हणता, आईचं वय बघा आणि चालणं बघा. मी पन्नास पावलं चालते आणि तासभर बसते. तुम्ही माझ्यापासून एक झाड लपवलंत, मी तुमच्यापासून एक लपवलं. माझं जिवंत आहे.

बारा. या झाडाचा वारस पुढीलप्रमाणे ठरावा.

वाचन झालं की त्याच दिवशी सुबोध, मेधा आणि गार्गी यांनी इथे आंग मो किओला गोहच्या दारी यावं. तो बाकावर तीन सारख्या मातीच्या कुंड्या मांडेल. एकीत माझं झाड, बाकी दोन्हींत दुकानातून आणलेली. अंजलीने त्याला इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं आहे. तो "कॅन" म्हणाला आहे. त्याने एकदा कबूल केलं की होतं.

माझ्या हिरव्या लुगड्याच्या पदराने एकेकाचे डोळे बांधावेत. कुठलीही कुंडी उचलावी, पान चिमटीत धरावं, हुंगावं, हवा तेवढा वेळ घ्यावा. उत्तर एकदाच. आधी सुबोध, मग मेधा, मग गार्गी. जो ओळखेल त्याचं झाड. एकाहून जास्त जणांनी ओळखलं तर झाड लहानाचं, काडी मोठ्याला. कुणीच ओळखलं नाही तर झाड गोहकडेच राहील. मग त्याचं नाव तुम्ही घ्यायचं नाही, आणि आजीचं झाड आमच्याकडे होतं असं पाहुण्यांना सांगायचं नाही.

हातांना क्रीम लावून येऊ नये, मेधा.

सुबोध, तू ओळखलंस तर मी जिथे असेन तिथे मला आनंद होईल. पण पैज मी तुझ्यावर लावणार नाही.

तेरा. ज्याला मिळेल त्याने ऐकावं. पुंगोलला नेताना कुंडीवर पिशवी बांधू नये, घाम येतो. नव्या जागी आठ दिवस आडोशाला ठेवावं, मग हळूहळू सकाळच्या उन्हात. कुंडी बदलायची तर एकच माप मोठी. मुळांचा गोळा झटकू नये. झाडाची मान मातीत गाडू नये, आधी होती तेवढीच वर राहावी. काडी घ्यायची ती कोवळ्या, पण कणखर शेंड्याची, चार बोटं. खालची पानं काढावीत, तासभर सावलीत ठेवावी, मग वाळूत लावावी. दीड महिना ओढून बघू नये. नंतर अगदी हलकेच ओढावी. तिने धरून ठेवलं तर समजावं, तिचं मन बसलं. जुन्या लाकडात कात्री घालू नये. तिथून फुटवा येत नाही. मला विचारा.

रुजलेली पहिली काडी विहीणबाई सुलेखाताईंना पोचवावी. सोबत निरोप द्यावा की हौसाबाईंनी नमस्कार सांगितला आहे, आणि याला देव मानू नका.

चौदा. यजमानांची छाटणीची कात्री, जिला ते सिकेटर म्हणायचे, आणि माझं खुरपं झाडाबरोबर जाईल. झाड ज्याला मिळालं नाही त्याने हत्यारं मागू नयेत.

पंधरा. गार्गे, तू ओळखलंस तर डोळ्यांवरचा पदर सोडायच्या आधी, तशीच उभी राहून, आईबाबांच्या समोर एकदा सांग काय झालं होतं. मराठीत सांग, इंग्रजीत सांग, लाह लावून सांग. मी नसेन. झाड असेल. तेच आहे ते, सहा आठवडे तुझ्या भरवशावर ठेवलेलं. त्याला सांग.

याशिवाय मला काही द्यायचं नाही आणि काही घ्यायचं उरलेलं नाही. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. वाचता येणाऱ्यांना एवढं पुरे.

ठिकाण: आंग मो किओ, सिंगापूर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१८

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: हौसाबाई यादवराव राजपुरे
(पहिला ठसा कोरा उठला. मातीने अंगठ्याच्या रेघा झिजल्या आहेत, विमानतळावरच्या यंत्रालाही तो कळत नाही. दुसरा ठसा शाई जास्त लावून घेतला आहे.)

साक्षीदार:
१. धम्मानंद वाघचौरे (सही)
२. अंजली वाघचौरे (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना आजींनी वरील ठसा स्वखुशीने उमटवला आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या. त्याआधी सगळा मजकूर त्यांना शब्दशः वाचून दाखवला. आठवी बाब त्यांनी पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्या वेळी ती आम्हाला वाचावी लागली नाही. आजींनी ती पाठ म्हटली.